अंगणातील एक वृक्ष : निवड व जोपासना

शेतात काय पेरावे ह्याचा विचार आपण दरवर्षी मृगाआधी महिनाभर करतो. जमीन पाहतो, पाण्याचा अंदाज घेतो, बियाणे पारखतो, शेजाऱ्याचा अनुभव विचारतो. परंतु घरापुढे जे झाड लावावयाचे, जे आपल्यानंतरही तेथे उभे राहावयाचे, त्याची निवड मात्र एखाद्या बाजाराच्या दिवशी, रोपवाटिकेसमोरून जाता जाता घटकाभरात होते. पिकाची चूक एका हंगामात कळते व पुढल्या हंगामात सुधारता येते. झाडाची चूक कळावयास चार-पाच वर्षे जातात आणि ती वर्षे परत मिळत नाहीत. म्हणून अंगणातील एका झाडाविषयी चार गोष्टी सविस्तर सांगण्याचे योजिले आहे. त्यांची सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करणे योग्य होईल.

एक चुकलेला प्रयोग

काही वर्षांपूर्वी हिमालयाच्या पायथ्याकडील थंड हवेच्या गावी जाण्याचा योग आला होता. तेथे एका बागेत जपानी मॅपलचे झाड पाहिले. पुरुषभर उंचीचे, पसरट, हाताच्या पंजासारखी नाजूक पाने आणि ती सारी लालभडक. पाहताक्षणी मन मोहून गेले. परत येताना त्याची दोन कलमे घेऊन आलो. त्यांतील एक बुलढाण्यास माझ्या राहत्या घरी, कडुनिंबाच्या सावलीत जमिनीत लावले. दुसरे मलकापूरच्या एका आप्तांना कुंडीत लावून दिले.

पौष-माघात दोन्ही कलमे बरी होती. फाल्गुनात कोवळी पाने फुटली तेव्हा मी कृतार्थ झालो. चैत्राच्या अखेरीस पानांच्या कडा तपकिरी पडू लागल्या. मी पाणी वाढविले. वैशाखात पाने कागदासारखी चुरगळून गळाली. मलकापूरचे कलम त्याच महिन्यात गेले. बुलढाण्याचे ज्येष्ठापर्यंत तग धरून होते, पुढे मृगाचा पाऊस पडला तरी त्यास फूट आली नाही.

कृषी शास्त्राचा पदवीधर असून ही चूक मी केली. दोष कलमांचा नव्हता व ती देणाऱ्याचाही नव्हता. झाड पसंत करताना मी केवळ झाडाकडे पाहिले, ते जेथे लावावयाचे त्या जागेकडे पाहिले नाही. ह्या लेखाचा सारा मथितार्थ एवढाच आहे.

हे झाड मूळचे कोठले

जपानी मॅपल, म्हणजे एसर पामेटम, हा जपान, कोरिया व चीन ह्या देशांतील डोंगरउतारांवर मोठ्या वृक्षांच्या छायेत वाढणारा लहान वृक्ष आहे. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पीटर थुनबर्ग हे १७७५-७६ मध्ये जपानात होते. त्यांनी त्यास हे शास्त्रीय नाव दिले. पामेटम म्हणजे तळहातासारखे. जपानी माळ्यांनी पिढ्यानुपिढ्या निवड करून ह्याचे शेकडो प्रकार तयार केले आहेत. बियांपासून उगवलेले रोप मूळ झाडाच्या गुणाचे निघेलच असे नाही, म्हणून हे प्रकार कलमानेच वाढवितात. शरद ऋतूत तेथील लोक ह्या वृक्षांची लाल झालेली पाने पाहण्यासाठी सहकुटुंब डोंगरात जातात. आपल्याकडे जत्रेस जावे तशी ही त्यांची जुनी रीत आहे.

ह्या वृक्षाच्या गरजा तीन. पहिली, हिवाळ्यात दीर्घकाळ कडक थंडी. त्या काळात तो सारी पाने टाकून विश्रांती घेतो. दुसरी, पाण्याचा उत्तम निचरा होणारी, परंतु सदैव ओलसर व किंचित आम्लधर्मी जमीन. तिसरी, दुपारच्या उन्हापासून व कोरड्या वाऱ्यापासून संरक्षण. आता आपल्या जिल्ह्याची परिस्थिती पाहा. आपला हिवाळा सौम्य व थोड्या दिवसांचा. जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली, बहुधा चुनखडीयुक्त व विम्लधर्मी. वैशाखात घाटाखाली पारा ४३-४४ अंशांवर जातो व अंग भाजून काढणारा वारा वाहतो. तिन्ही गरजांपैकी एकही आपणांस भागविता येत नाही. कुंडीत, सावलीच्या जाळीखाली, रोज निगा राखून एखाद्या हौशी गृहस्थाने हे रोप काही काळ जगविले तर तो त्याचा छंद म्हणावा. अंगणातील वृक्ष म्हणून त्याची शिफारस करता येणार नाही.

येथे एक सूचना करणे अवश्य आहे. भ्रमणध्वनीवर निळ्या व जांभळ्या पानांच्या मॅपलची चित्रे दाखवून बियांच्या पुड्या विकण्यात येतात. निळ्या पानांचा मॅपल ह्या पृथ्वीवर कोठेही नाही. अशा पुडीवर पैसे घालवू नयेत. तसेच काश्मीरचा चिनार म्हणजे मॅपल अशी पुष्कळांची समजूत असते. पानाचा आकार मिळताजुळता असला तरी चिनार हा निराळ्या कुळातील वृक्ष आहे व त्यासही आपली हवा मानवत नाही.

त्याचाच एक आप्त आपल्या रानात

लाल पानांचा वृक्ष अंगणात असावा ही इच्छा मात्र वावगी नाही. ती पुरी करणारा एक वृक्ष आपल्याच मुलखात आहे. तो म्हणजे कोशिंब. ह्यास कोसंब, कुसुंब अथवा कुसुम असेही म्हणतात. शास्त्रीय नाव श्लायकेरा ओलिओसा. करडईलाही काही भागांत कुसुंभ म्हणतात, तिच्याशी ह्याचा गोंधळ करू नये. करडई हे पीक आहे व हा मोठा वृक्ष आहे.

फाल्गुन-चैत्रात सातपुड्याच्या ओढ्याकाठी किंवा मेळघाटात जे गेले असतील त्यांनी हा वृक्ष पाहिला असेल. आजूबाजूचा साग निष्पर्ण उभा असतो, पळसाचा बहर ओसरत आलेला असतो, आणि मध्येच एखादे झाड शेंड्यापासून खालपर्यंत लाल पालवीने पेटल्यासारखे दिसते. दुरून ती फुले वाटतात, जवळ गेल्यावर पाने असल्याचे कळते. काही दिवसांत ती पालवी तांबूस, मग पोपटी व अखेरीस गर्द हिरवी होते आणि ऐन वैशाखात, जेव्हा सावलीची खरी गरज असते तेव्हा, झाडाखाली दाट छाया पडलेली असते.

आणखी एक नवल सांगण्यासारखे आहे. मॅपलचे पूर्वी स्वतंत्र कुळ मानीत. अलीकडील वर्गीकरणात त्याचा समावेश रिठ्याच्या कुळात झाला आहे. कोशिंब व लिची हेही त्याच कुळातील. म्हणजे जपानी मॅपल व आपला कोशिंब हे एकमेकांचे आप्तच होत. दोघांच्याही पानांतील लाली अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे येते. फरक एवढाच की, मॅपलच्या बहुतेक प्रकारांत थंडी पडू लागली, पानातील हरितद्रव्य नाहीसे होऊ लागले म्हणजे ही लाली चढते. कोशिंबाच्या पानात हरितद्रव्य भरण्यापूर्वी, ते कोवळे असतानाच ती दिसते. तिकडचा वृक्ष पान गळण्यापूर्वी लाल होतो, इकडचा पान फुटताना. त्यास कडक थंडीची वाट पाहावी लागत नाही.

कोशिंबाचे उपयोगही अनेक आहेत. जून-जुलैमध्ये पिकणाऱ्या फळातील आंबटगोड गर मुले आवडीने खातात. बियांचे तेल निघते. त्याचा उपयोग केसांना व अंगाला लावण्यासाठी पूर्वापार होत आला आहे. कच्च्या बिया मात्र विषारी असतात, त्या मुलांनी चावू नयेत म्हणून लक्ष ठेवावे. लाखेचे किडे ज्या वृक्षांवर पोसतात त्यांत कोशिंब श्रेष्ठ समजतात व त्यावरील लाखेस कुसुमी लाख म्हणून अधिक भाव असतो. लाकूड अतिशय कठीण असते, तेलघाण्यांसाठी व गाडीच्या आसांसाठी ते वापरीत.

इतके गुण असले तरी हा वृक्ष प्रत्येक अंगणात लावावा असे मी म्हणणार नाही. तसे म्हटल्यास मॅपलचीच चूक दुसऱ्या नावाने केल्यासारखे होईल. कोशिंब हा विस्ताराने मोठा व वाढीने मंद असा वृक्ष आहे. पहिली पाच-सहा वर्षे तर तो वाढीचे मनावरच घेत नाही. आपल्या जिल्ह्याचे पर्जन्यमान साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर आहे. एवढा पाऊस ह्या वृक्षास जेमतेम पुरतो, म्हणूनच तो रानात ओढ्यानाल्याच्या काठी अधिक आढळतो. ज्यांचे अंगण ऐसपैस आहे, ज्यांच्या विहिरीजवळ अथवा नाल्याकाठच्या धुऱ्यावर खोल व निचऱ्याची जमीन आहे, त्यांनी तो अवश्य लावावा.

आधी जमीन, मग झाड

आपल्या जिल्ह्याचे अजिंठ्याच्या डोंगररांगेने दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हे तालुके घाटावर. राजूर घाट उतरून गेले की मोताळा, मलकापूर, नांदुरा आणि पुढे खामगाव, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे तालुके घाटाखाली. बुलढाणा गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. पूर्णेचे खोरे त्याहून पुष्कळ खाली आहे. एकाच जिल्ह्यात हवा व जमीन इतकी बदलते, मग सर्वांना एकच झाड कसे चालेल ? जमिनीचे ढोबळमानाने तीन प्रकार करून पुढे निवड सांगितली आहे.

*हलकी, मुरमाड जमीन.* घाटावर गावठाणे बहुधा अशाच जागी वसलेली असतात. निचरा उत्तम, पण मातीचा थर उथळ व ओल टिकत नाही. लहान अंगण असल्यास येथे आपटा लावावा. हा लहानखुरा, वेडावाकडा वाढणारा, पाण्याचा ताण सोसणारा वृक्ष आहे. रोप घेताना कांचनाचे रोप आपटा म्हणून माथी मारले जाते, तिकडे लक्ष द्यावे. आपट्याचे जोडपान लहान, जाड व लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते. कांचनाचे पान मोठे व पातळ असते. कांचन लावण्यास हरकत नाही, त्याची फुले सुंदर असतात. पण काय लावीत आहोत ते ठाऊक असावे. दसऱ्यास आपट्याच्या फांद्या ओरबाडून नेण्याची चाल आहे. ती बंद करून घरटी एक पान घ्यावे. अशा जमिनीस बहावा व सीताफळ हीही झाडे चांगली.

*भारी काळी जमीन.* ही पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. भेगांमुळे कोवळी मुळे तुटतात, तर पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. येथे झाड उंचवट्यावर लावावे. कडुनिंब व करंज ही दोन्ही ह्या जमिनीत उत्तम येतात. काळ्या जमिनीवरील घराजवळ मोठे झाड लावू नये, ह्याचे कारण लक्षात ठेवावे. झाड पायाखालील ओल ओढून घेते, माती आकसते, पाया खचतो व भिंतीस तडे जातात. पुष्कळदा गवंड्यास बोल लावला जातो, खरे कारण मातीचे आकसणे असते.

*खारपाण पट्टा.* पूर्णेच्या दोन्ही अंगांस शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा ह्या तालुक्यांतील पुष्कळ गावांत जमिनीत व भूजलात क्षार आहेत. येथे विहिरीचे अथवा कूपनलिकेचे पाणी रोपास घालणे म्हणजे पुष्कळदा त्यास मीठ चारण्यासारखे होते. ह्या पट्ट्यात शोभेच्या नाजूक झाडांच्या मागे लागूच नये. करंज हा येथील खरा आधार आहे. क्षार, उन्हाळा व पाण्याची टंचाई तो सोसतो. द्विदल कुळातील असल्याने मुळांवरील गाठींतून हवेतील नत्र मिळवितो. पानगळ झाली तरी थोड्याच दिवसांत नवी पालवी येते, ती प्रथम तांबूस व मग पोपटी चमकदार असते. ज्यांना पानांच्या रंगाची हौस आहे त्यांची हौस येथेही भागते. सावली गर्द पडते. पानांवर गाठी व नागमोडी रेषा दिसतात त्या किडींमुळे, त्यांनी मोठ्या झाडाचे विशेष नुकसान होत नाही. कडुनिंबही ह्या पट्ट्यात बऱ्यापैकी तग धरतो.

परदेशी झाडांविषयी सावधगिरी

परदेशी झाड म्हणून ते वाईट असे नव्हे. चिंच व सीताफळ हीही मूळची बाहेरचीच, ती आता आपलीशी झाली आहेत. परंतु परीक्षा न करता आणलेले झाड दोन तऱ्हांनी फसविते. एक तर ते मॅपलसारखे मरते, किंवा मग ते आवरत नाही. दुसऱ्या तऱ्हेचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. लोणारच्या जगप्रसिद्ध सरोवराच्या काठी वेड्या बाभळीचे रान माजले व ते काढण्याचे काम शासनास हाती घ्यावे लागले. ही बाभूळ मूळची अमेरिका खंडातील. शेजारच्या गुजरात राज्यात शोभेसाठी व हिरव्या भिंतीसाठी मोठ्या प्रमाणावर लावलेल्या कोनोकार्पस ह्या झाडाच्या लागवडीस २०२३ मध्ये शासनाने बंदी केली. झपाट्याने वाढते व सदैव हिरवे दिसते एवढ्याच गुणावर ते सर्वत्र लावले गेले होते.

म्हणून कोणतेही नवे झाड घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे झाड आपल्या पंचक्रोशीत कोठे वाढलेले आहे काय ? असल्यास त्याने तीन उन्हाळे काढले आहेत काय ? आणि पूर्ण वाढल्यावर त्यास किती जागा लागते ? तिन्हींची उत्तरे मिळाल्यावाचून खड्डा खोदू नये.

जागेची आखणी

अंगणात काठीने रेघा मारून आखणी करावी. कोशिंब, कडुनिंब ह्यांसारखी मोठी झाडे घराच्या भिंतीपासून व विहिरीपासून किमान २५ फूट दूर असावीत. करंजास १५ ते २० फूट, तर आपटा, बहावा व कांचन ह्यांस १० ते १२ फूट अंतर पुरे. विजेच्या तारांखाली मोठे झाड लावू नये. पुढे फांद्या छाटणाऱ्यांस दोष देण्यात अर्थ नसतो. शेजाऱ्याच्या हद्दीपासूनही पुरेसे अंतर ठेवावे, म्हणजे झाड भांडणाचे कारण होणार नाही.

सावली कोठे पडावी ह्याचा विचार करून दिशा ठरवावी. उन्हाळ्यात घर तापते ते मुख्यतः दुपारनंतरच्या पश्चिमेकडील उन्हाने. म्हणून झाड घराच्या पश्चिमेस किंवा नैऋत्येस असल्यास संध्याकाळी घर व अंगण दोन्ही निवतात.

खड्डा व लागण

खड्डा चैत्र-वैशाखातच खोदावा व महिनाभर उन्हात तापू द्यावा. आकार लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी ३ फूट. वरची माती एका बाजूस व खालची दुसऱ्या बाजूस टाकावी. भरताना वरच्या मातीत दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत व सुमारे एक किलो निंबोळी पेंड मिसळावी. न कुजलेले शेण कदापि घालू नये, त्याने वाळवी लागते.

मुरमाड जमिनीत खड्ड्याचा तळ पहारीने फोडून मोकळा करावा व तलावातील गाळाची माती निम्मी घालावी. काळ्या जमिनीत याच्या उलट, मातीत मुरूम अथवा जाड वाळू मिसळावी व खड्डा भरून वर अर्धा फूट उंचवटा करावा. खारपाणात माती परीक्षणाच्या शिफारशीप्रमाणे जिप्सम मिसळावे. मातीबरोबर पाण्याचाही नमुना तपासून घ्यावा.

मृगाचे एक-दोन पाऊस होऊन जमीन चांगली ओलावली म्हणजे लागण करावी. रोप दीड ते दोन फूट उंचीचे, जाड बुंध्याचे व सरळ असावे. पिशवीत मुळे वेटोळे करून बसली असतील तर ते रोप घेऊ नये. ते पुढे वाऱ्याने कोलमडते. पिशवी ब्लेडने फाडून काढावी, मातीचा गड्डा फुटू देऊ नये, आणि पिशवीत रोप जितके खोल होते तितकेच खोल लावावे.

कोशिंब व करंज ह्यांचे रोप घरी करणे सोपे आहे. ताजे बी घ्यावे. कोशिंबाचे बी गर धुऊन काढून, एक दिवस पाण्यात भिजवून लावावे. साधारण दोन ते चार आठवड्यांत ते उगवते. कोशिंबाचे सोटमूळ लवकर खोल जाते, म्हणून उंच पिशवी वापरावी, किंवा कायम जागी खड्ड्यातच दोन-तीन बिया टोचून पुढे एक जोमदार रोप ठेवावे.

पहिले तीन उन्हाळे

झाड लावण्याचे काम एका दिवसाचे, जगविण्याचे तीन उन्हाळ्यांचे. वनमहोत्सवाची प्रथा १९५० पासून देशात चालू आहे. तेव्हापासून लावलेली सारी रोपे जगली असती तर आपल्या गावांना उन्हाळा जाणवला नसता.

पहिल्या उन्हाळ्यात दर चार-पाच दिवसांनी दोन घागरी, दुसऱ्यात आठवड्याने तीन घागरी व तिसऱ्यात पंधरवड्याने चार घागरी पाणी द्यावे. रोज थोडे पाणी शिंपडल्याने मुळे वरच्यावर राहतात, एका वेळी भरपूर दिल्याने ती खोल जातात. पाण्याची टंचाई असल्यास बुडाशी बारीक छिद्र पाडून त्यात कापसाची वात बसविलेले मडके रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे व झाकण ठेवून ते तीन-चार दिवसांनी भरावे. खारपाणात छपराचे पावसाचे पाणी टाकीत साठवून त्यातील काही भाग रोपासाठी राखून ठेवावा. ते पाणी गोडे असते.

आळ्यात सोयाबीनच्या कुटाराचे चार बोटे जाड आच्छादन घालावे, मात्र ते बुंध्यास टेकू देऊ नये. शेळ्यांपासून रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे अथवा पऱ्हाटीचे कुंपण करावे. पऱ्हाटीस वाळवी लवकर लागते, म्हणून ती दरवर्षी बदलावी. झाड माणसाच्या उंचीचे होईतो खालच्या फांद्या एकदम छाटू नयेत, त्या बुंध्याचे उन्हापासून रक्षण करतात. पुढे दरवर्षी थोड्या थोड्या काढून बुंधा मोकळा करावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस

आपल्यापाशी कोणी झाडाविषयी विचारावयास आला तर झाडाचे नाव सांगण्याची घाई करू नये. आधी त्याच्या अंगणात जावे, मूठभर माती हातात घ्यावी, पाण्याची चव पाहावी, अंगण किती पावले आहे ते मोजावे व उन्हाळ्यात पाणी कोण घालणार ते विचारावे. रोपांसाठी सामाजिक वनीकरण विभागाची रोपवाटिका, आणि सल्ल्यासाठी कृषी विज्ञान केंद्र अथवा अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ ह्यांची वाट दाखवावी.

हे मी कळकळीने सांगतो, कारण माझ्याकडून ह्यात एकदा कसूर झाली आहे. घाटाखालील खारपाण पट्ट्यातील एका तरुण शेतकऱ्याने नवे घर बांधताना अंगणातील जुना कडुनिंब तोडला होता. त्याऐवजी काय लावू म्हणून त्याने मला विचारले. मी घाईत होतो. “आवडेल ते लावा, पाणी मात्र घाला,” असे सांगून मी निघून गेलो. त्याने शोभेचे एक महागडे रोप आणले व कूपनलिकेचे पाणी इमाने इतबारे घातले. दुसऱ्या उन्हाळ्यात ते रोप वाळले. त्या वैशाखात मी पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा त्याचे वृद्ध वडील तापलेल्या पत्र्याच्या छपरीखाली खाट टाकून, ओला पंचा डोक्यावर घेऊन बसले होते. मला पाहून ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, झाड दिसाले कसं बी असो, त्याच्याखाली खाट टाकता आली पाह्यजे.”

शास्त्राच्या पुस्तकांत वृक्षाच्या निवडीचे पुष्कळ निकष मी वाचले होते. बाबांनी सांगितलेला निकष त्यांत नव्हता. त्याच वर्षी मृगात आम्ही तिघांनी मिळून, माती व पाणी तपासून, घराच्या पश्चिमेस करंजाचे रोप लावले. छपरावरील पाण्यासाठी टाकी केली. मडके पुरले. ते भरण्याचे काम बाबांनी आपणहून अंगावर घेतले व तीन उन्हाळ्यांत एक खाडाही होऊ दिला नाही.

गेल्या चैत्रात तेथे गेलो होतो. करंज घराच्या पागोळीच्या वर गेला आहे. त्याची कोवळी तांबूस पाने उन्हात चमकत होती. सावली अजून विरळ आहे, दुपारी ती सरकेल तशी खाटही सरकवावी लागते. पण खाट झाडाखालीच होती.

बंधुभगिनींनो, येत्या उन्हाळ्यात खड्डा घेण्यापूर्वी आपल्या अंगणात एकदा दुपारी उभे राहून पाहा. माती कोणती, पाणी कसले आणि खाट कोठे टाकावयाची ते ठरवा. मग झाडाची निवड करणे अवघड जाणार नाही.